तीन तासाची दुबई

जवळ सरक बाबा, अन् आधी माझी बोलणी खा. दर फोनला म्हणतोस, "आई, विमान तीनच तासाचं हाय, कवाबी येईन." दोन वर्सं झाली, तुझे तीन तास काही सरंनात. फोनवर हे सगळं सांगायला जमंना, म्हणून लिहून धाडते.

तू पहिल्यांदा गेलतास तवा मी विचारलं होतं, दुबई किती लांब हाय? तू म्हणलास, मुंबईहून एकोणीसशे किलोमीटर, तीन तास. आपल्याकडं किलोमीटर कोण धरतंय? धारूरहून संभाजीनगरला यष्टीनं पाच तास लागतात. तुझे वडील हसून म्हणले, "मंग दुबई अलीकडंच हाय की! रविवारी जेवायला येत जा म्हणावं." मला ते खरंच वाटलं बघ.

म्हणून तुझे वडील वारले त्या सकाळी, "लेकरू कवा येतंय?" असं जो तो विचारायला लागला तवा मी सांगितलं, तीन तासात. बायाबी बोटं मोजायल्या, आता सात वाजले, म्हणजे दहाला येतंय. तिकीट काढावं लागतंय, साहेबाला विचारावं लागतंय, मुंबईहून इथवर यायला दहा तास लागतात, हे एकाच्याबी ध्यानात आलं न्हाई. दहा वाजले. बारा वाजले. मातीला आलेले पाहुणे लिंबाखाली बसून. गाडी वाजली की मी दाराकडं बघायची.

तीनला तुझा फोन आला. "आई, विमान आत्ता सुटायलंय. थांबा. बाबाचं तोंड बघू द्या."

थांबतो म्हणलं मी.

तुझ्या काकानं लगेच अंबाजोगाईहून बर्फाची पेटी मागवली. "वहिनी, सकाळपर्यंत ठेवू. लेकराला बघू द्या." हे तुला कुणी सांगितलं न्हाई. पेटी दारात उतरवली, मी आत हात घालून बघितला. लई गार. शेवटच्या महिन्यात भर उन्हाळ्यात त्यान्ला थंडी वाजायची. पंखा लावला की "बंद कर गं" म्हणायचे, अंगावर दोन गोधड्या. तसल्या माणसाला रातभर बर्फात कसं निजवू?

मीच म्हणलं, "भाऊजी, उचला."

"अन् लेकराला काय सांगू?"

मी पेटीचं झाकण लावलं. अग्नी काकानं दिला. पेटी रिकामीच माघारी गेली.

दुसऱ्या दिवशी तू आलास, राख अजून गरम होती. सगळ्यांदेखत वरडलास, "काका, एवढी कावून घाई झालती तुमाला?" काकानं मान खाली घातली. "चुकलं बापा माझं." मी तिथंच उभी होते, अन् माझं तोंड उघडलं न्हाई. तू त्यांच्या हातचं पाणीबी घेतलं न्हाईस. गेलास तो गेलास.

काका अजून दर आठवड्याला येऊन विचारतात, "पोराचा फोन आलता का?" माझं नाव त्यांनी आजवर कुणापाशी काढलं न्हाई. आता ते थकलेत, काठी घेऊन चालतात.

राग धरायचा तर माझ्यावर धर, पर इथं येऊन धर. आधी काकाच्या घरी जा, त्यांच्या हातचं पाणी पी, मंग माझ्याकडं ये. तीन तास विमानाचे, दहा रस्त्याचे, आता मला नीट मोजता येतं. दिवाळीपर्यंत थांबू नको. लवकर ये बाबा.