रिकामी होत गेलेली स्लाइड

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा हसून पान उलटतो. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्या घरात तशा विश्वासाला जागाच उरली नव्हती... छप्पन सालच्या दसऱ्याला माझ्या थोरल्या भावानं, दादानं, नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परत आला आणि घरातले देवांचे टाक, अंगारा, माझ्या दंडावरचा ताईत, सगळं गोळा करून नदीत सोडून आला. आई रडत होती. तिला म्हणाला, "आता कोनाचं भेव नाही आपल्याले. पोराले शिकू दे फक्त."

ते पोर म्हणजे मी. दादा अकोल्याला जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाची सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांपुढे तो दिवसभर उभा असायचा. घरी यायचा तेव्हा भुवयांवरही रुई असायची. त्याच्या त्या मजुरीवर मी नागपूरला डॉक्टरी शिकलो आणि बासष्टच्या सुमाराला अमरावतीच्या एका रुग्णालयात, पॅथॉलॉजी विभागात लागलो.

तिथं माझे वरिष्ठ होते डॉ. सहस्रबुद्धे. पुण्याचे, अतिशय काटेकोर. त्यांना एका गोष्टीचं वेड होतं. आपल्या फुप्फुसात राखण करणाऱ्या पेशी असतात, आणि त्या एका जातीच्या नसतात. काही लहान, गोल, गर्द निळ्या. काहींचं केंद्रक एका कडेला सरकलेलं. काही लाल दाण्यांनी भरलेल्या. आणि काही भल्यामोठ्या... श्वासातून आत आलेली धूळ गिळून बसणाऱ्या. कापसाच्या धुळीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या छातीत यांतल्या किती जाती टिकतात, हे सरांना शोधायचं होतं. त्यासाठी मृतांच्या फुप्फुसाचे तुकडे आम्ही मेणात बसवायचो, त्यांचे पातळ काप काढायचो, रंगवायचो आणि काचेवर पक्के चिकटवायचो. अशी काच म्हणजे स्लाइड. तिच्यावरच्या पेशी मेलेल्या असतात. त्या हलत नाहीत, वाढत नाहीत, कमी होत नाहीत. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आमच्याकडची सगळ्यांत देखणी स्लाइड अकोटच्या एका बेवारस कामगाराची होती. एका नजरेत सगळ्या जाती दिसायच्या. कोणी पाहुणा आला की सर तीच दाखवायचे.

दादाचा खोकला वाढला म्हणून मी त्याला एक्स-रेसाठी अमरावतीला बोलावलं. फोटो काढून झाला, दुपारची वेळ होती, विभागात कोणी नव्हतं. मी म्हटलं, बघ तरी मी काय काम करतो ते. खिडकीतला उजेड मायक्रोस्कोपच्या आरशावर घेतला आणि ती स्लाइड लावून दिली.

"कोनाचं हाये हे?" त्यानं डोळा न काढता विचारलं.

"अकोटच्या एका माणसाचं. तोही जिनातच होता."

"अन् हे निळे निळे?"

"राखणदार."

"अन् हे मोठ्ठाले?"

"ते धूळ खातात."

"म्हंजे आमच्यासारखेच," म्हणून तो हसला, आणि हसता हसता खोकत राहिला. मग पुन्हा डोळा लावला.

"नामा... हे त हालून राहिले."

"दादा, मेलेल्या पेशी आहेत त्या. कशा हालतील?"

"असन," तो म्हणाला. "मले त हालतानी दिसले."

एक्स-रे वाईट होता. दोन्ही बाजूंना क्षय, आणि तोही धुळीनं आधीच खराब झालेल्या छातीत. दादाला अकोल्याच्या रुग्णालयात ठेवलं. इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या सुरू झाल्या. मी जमेल तसा एसटीनं जाऊन यायचो.

काही आठवड्यांनी नागपूरहून एक डॉक्टर आले. सरांनी त्यांच्यापुढे ती स्लाइड लावली आणि म्हणाले, "या लाल दाण्यांच्या पेशी पाहा." पाहुणे शोधत राहिले. मग सर शोधत राहिले. मग मी. एकही नव्हती!

पाहुणे गेल्यावर सर माझ्यावर चिडले. "वानखडे, अहो, भलतीच स्लाइड दिलीत." पण काचेवर माझंच अक्षर होतं, कोपऱ्याला तोच टवका होता. आम्ही त्याच मेणाच्या ठोकळ्यातून नवा काप काढून रंगवला. त्यात लाल दाण्यांच्या पेशी जिथल्या तिथं. फक्त दादानं पाहिलेल्या त्या एका काचेवरून त्या गेल्या होत्या.

"रंग उडाला असेल," सर म्हणाले. पण रंग उडाला तर पेशीची फिकट आकृती मागं राहते. इथं स्वच्छ मोकळी जागा होती... जणू कोणी उठून निघून गेलं होतं.

त्यानंतर दादाला पहिल्यांदा रक्ताची उलटी झाली. मी अकोल्याहून परतलो तर कडेला केंद्रक असणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या. नवं औषध सुरू केलं, वजन थोडं वाढलं, आम्हाला आशा वाटली. पण स्लाइडवर काहीच परत आलं नाही. मग ताप सुरू झाला आणि लहान निळ्या पेशीही विरळ होत होत संपल्या.

मी ती स्लाइड बघायचं सोडून दिलं. सर मात्र बघायचे. सकाळी आल्या आल्या मला विचारायचे, "भाऊ कसे आहेत?" आणि मी सांगितलं की मायक्रोस्कोपकडे वळायचे. दोन्हींचा संबंध त्यांच्याही लक्षात आला होता. आम्ही दोघांनी तो कधी उच्चारला नाही. उच्चारून काय केलं असतं? औषधं होती नव्हती ती सगळी दिली होती. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं होतं. मी स्वतः डॉक्टर होतो आणि नुसता बघत होतो.

एका सकाळी मी पोचलो तेव्हा सर मायक्रोस्कोपपाशी उभे होते. म्हणाले, "बघा."

मोठ्या, धूळ गिळणाऱ्या पेशी तेवढ्या उरल्या होत्या. आता त्याही नव्हत्या. त्यांनी गिळलेली काळी धूळ मात्र तिथंच उघड्यावर सांडलेली होती.

सरांनी मायक्रोस्कोपवर कापड टाकलं. "वानखडे, तुम्ही अकोल्याला निघा."

"तार आली का, सर?"

"नाही," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

बडनेरा, मूर्तिजापूर... कापूस वेचणीचे दिवस होते, रस्त्याला बैलबंड्यांची रांग होती, एसटी रखडत होती. वॉर्डात पोचलो तर दादा उशांना टेकून बसलेला! वहिनी त्याला पेज भरवत होती. चेहरा कधी नव्हे इतका निवांत. मला वाटलं, सर आणि मी, दोघं शिकलेली माणसं, उगाच घाबरलो.

वहिनी भांडं धुवायला गेली. दादानं मला जवळ बोलावलं.

"नामा, ते काच पायली का आज?"

मी त्याला त्यातलं काही, कधीही सांगितलेलं नव्हतं. वहिनीलाही नाही.

"पाहिली," मी म्हटलं.

"कोनी नाही राह्यलं ना?"

"तुला कोणी सांगितलं, दादा?"

"सांगाले कायले पायजे? मले समजते ना. पयले छातीत गर्दी वाटे. खोकला आला का कोनीतरी धाऊन येऊन राहिलं, असं वाटे." त्यानं दम घेतला. "आता कोनीच येत नाही. सकाळपासून लय शांत हाये."

दिवस मावळायच्या आत तो गेला.

पुढं सरांची बदली झाली. जाताना त्यांनी ती स्लाइड कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली, आणि बाकी काही बोलले नाहीत. मी ती नंतर जाणकारांना दाखवली आहे. काप नीट चिकटला नव्हता, ओल शिरली, रंग कच्चा होता... प्रत्येकाकडे कारण आहे. एक एक जात वेगळी वेगळी, आणि तीही माझ्या भावाच्या दुखण्याच्या क्रमानं का जावी, याचं कारण कोणाकडे नाही. माझ्याकडेही नाही. आणि दादाला ते कसं कळलं, याचा तर मी विचारही करू शकत नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मृत्यूनंतरच्या वंदनेचा, कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, तेव्हा मी वहिनीला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"म्हंजे तुमाले दिसत होतं, भाऊजी?"

"हो."

"अन् करता काईच येत नव्हतं?"

"नाही."

"मंग दिसलं कायले?"

रागानं नव्हे, खरंच विचारत होती. मी तिला अमरावतीला चला म्हणालो, पोरांना घेऊन चला म्हणालो. ती नको म्हणाली. सोमवारी जिनाचा भोंगा झाला, तशी उठली, पदर नाकातोंडावरून घट्ट बांधला आणि दादाच्या जागेवर कामाला गेली.