मुद्देमाल खोलीतला क्रूस

एक क्रूस मी एकदा चोरीचा माल म्हणून जप्त केला होता. त्याला दोरीने लेबल बांधलं, लाखेचं सील ठोकलं आणि पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत बंद केलं. शेजारी दोन चोरीच्या सायकली आणि गावठी दारूचे कॅन होते. हा मूर्खपणा माझ्याच सुवाच्य अक्षरात सरकारी नोंदवहीत आहे, त्यामुळे नाकारायची सोय नाही. नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले, पण तो आठवडा आठवला की आजही मला एका जागी बसवत नाही. नात म्हणते, "आजी, बस ना." मी उठून गॅलरीत फेऱ्या मारते.

मी तेव्हा नवीन फौजदार होते. खांद्यावर दोन तारे आणि डोक्यात सगळं ज्ञान. टोपी एवढी ताठ घालायचे की मान वळवायला त्रास व्हायचा. आमची हद्द बेलापूरच्या बाजूला खाडीपर्यंत होती. अलीकडे सोसायट्या, पलीकडे कोळ्यांचं गाव, आणि दोन्हींच्या मध्ये, कच्चा रस्ता वळतो तिथे, दगडी चौथऱ्यावर एक काळा लाकडी क्रूस. दीड पुरुष उंच. हे शहर वसायच्या कितीतरी आधीचा. मी रोज जीपमधून त्याच्यासमोरून जायचे, पण तो कोणी उभारला हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी जवळच्या सोसायटीचे सेक्रेटरी ठाण्यात आले. नव्याने राहायला आलेले, रोज फिरायला जाणारे गृहस्थ.

"मॅडम, क्रूस चोरीला गेलाय. काल होता, आज नुसता चौथरा आहे. हे प्रकरण पेटलं तर आमच्या सोसायटीला टेन्शन."

धार्मिक वस्तू म्हटल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. "आज संध्याकाळपर्यंत छडा लावा," एवढंच म्हणाले. मला तेवढंच हवं होतं.

गुन्हा दाखल केला आणि जागेचा पंचनामा केला. चौथऱ्यावर मधोमध चौकोनी खड्डा होता, कडा शाबूत. घाईने उपटलेलं काही दिसत नव्हतं. उलट खड्डा कोणीतरी फळीने नीट झाकून ठेवला होता. त्याच क्षणी मला शंका यायला हवी होती. चोर खड्डा झाकत बसत नाही. पण मी "चोराने पुरावा लपवण्याच्या हेतूने" असं लिहून मोकळी झाले.

गावात चौकशी सुरू केली. जाळं विणणाऱ्या एका बाईला विचारलं, "क्रूस कुठे गेला?"

"गेलाय. येल," ती मान वर न करता म्हणाली.

सुकट पसरणाऱ्या दुसरीला विचारलं. तीही म्हणाली, "गेलाय. येल परत."

क्रूसाची देखभाल करणारी ख्रिस्ती म्हातारी गावाच्या टोकाला एकटी राहायची. तिच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती गेलीय उरनला, म्हायेरी. मंगळवारी येल."

एवढ्या साध्या उत्तरांवर समाधान मानलं तर फौजदार कसली? अख्खं गाव कटात सामील आहे, असा माझा निष्कर्ष झाला. माझ्याबरोबर एक जुने हवालदार होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आवाज कधी चढायचा नाही. ते म्हणाले, "मॅडम, होड्या दुरुस्त करतात तिकडे एक चक्कर मारू."

काठावरच्या शाकारलेल्या छपरात क्रूस सापडला. दोन घडवंच्यांवर आडवा, अंगावर नवं पांढरं लुगडं पांघरलेलं. शेजारी साठीचा एक कोळी वाटीत माशाचं तेल घेऊन बसला होता. होडीच्या लाकडाला लावतात तेच, वासाने डोळ्यांत पाणी आणणारं. तो लाकडाला हाताने तेल चोळत होता.

"हे इथे कसं आलं?" मी विचारलं.

"म्हायेराला आलाय, बाय."

"कोण?"

"ह्यो." त्याने क्रूसाकडे बोट केलं. "चार दिस ऱ्हातो, मंग जातो."

मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करतोय. वर्दीतली बाई बघून हे धाडस. मी त्याला जीपमध्ये बसवलं. हवालदारांनी हळूच सांगितलं, "मॅडम, मुद्देमालात घेण्याआधी म्हातारीला येऊ द्या. तीन दिवसांचा प्रश्न आहे." मी त्यांना जप्ती पंचनाम्याची कलमं ऐकवली. ते ऐकून घेत राहिले. माझी कलमं त्यांनी मी शाळेत असल्यापासून वापरलेली होती.

ठाण्यात मी त्या कोळ्याची चार तास चौकशी केली. एकच प्रश्न दहा वेळा, शब्द बदलून. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. याचं उत्तर मात्र दहाही वेळा तेवढंच. मध्येच तो खिडकीकडे बघून अस्वस्थ व्हायचा. "बाय, दुसरा हात मारायला पायजे. पयलं तेल सुकलं तर लाकूड दुसरं घेत नाय."

दुसरा हात म्हणजे कटातला दुसरा साथीदार असणार, असं मी टिपण वहीत लिहून ठेवलं. ती वही माझ्याकडे अजून आहे. नातीला दाखवत नाही.

संध्याकाळी त्याला सोडलं, पण क्रूस आत राहिला. माझ्या पंचनाम्यात एक वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान होता: "खालच्या टोकावर हत्याराच्या अनेक खुणा आढळल्या." उपटताना लोखंडी पहार वापरली, असा माझा तर्क.

रविवारपासून ठाण्यात मांजरं यायला लागली. आधी दोन, मग सात-आठ. मुद्देमाल खोलीच्या दाराशी बसून ओरडायची. ठाणे अंमलदार वैतागला. "मॅडम, तुमच्या आरोपीला भेटायला नातेवाईक आलेत." माझं मात्र मन लागेना. "गेलाय, येल" हे दोन शब्द जेवताना आठवायचे, फाइल वाचताना आठवायचे.

मंगळवारी ती म्हातारी उरणहून थेट ठाण्यात आली. हातात पिशवी, पिशवीत माहेरचा खाऊ. खुर्ची दिली तर बसली नाही.

"मी चार दिस म्हायेरी गेले की तो पन जातो. दर वर्सी. तुला कुनी सांगितलं नाय?"

"सांगितलं," मी म्हणाले. खरं तेच होतं.

"मंग?"

मी नोंदवही मिटली.

तिने सगळं सांगितलं. तिच्या सासरचा कोणी पूर्वज सुतार होता. एका वादळात तो कोळ्याच्या होडीत होता. होडी फुटली. दोघं डोलकाठीला धरून काठाला लागले. सुताराने त्याच डोलकाठीचा क्रूस केला आणि जिथे पाय टेकले तिथे उभा केला. लाकूड कोळ्याच्या घरचं, म्हणून वर्षातून चार दिवस ते आपल्या घरी परत जातं, तेल पितं आणि पुन्हा उभं राहतं. माझ्या चौकशीतला माणूस त्याच कोळ्याचा वंशज.

"आनि परतीच्या दिवशी खाली एक खूण मारतात. एक वर्साची एक."

मी मुद्देमाल खोली उघडायला लावली. सील तसंच ठेवून, गुडघ्यावर बसून खालच्या टोकावरून बोट फिरवलं. एका ओळीत, सारख्या अंतरावर कापलेल्या खाचा. जुन्या गुळगुळीत झालेल्या, वरच्या अजून धारदार. मोजता मोजता बोट चुकलं. माझ्या पंचनाम्यातल्या हत्याराच्या खुणा त्या ह्या. शहराच्या त्या कोपऱ्याचा सगळा इतिहास मी पहारीच्या नावावर लिहिला होता.

"आता घेऊन जाते त्याला," म्हातारी म्हणाली. "गुरवारी सकाळी मोजनीवाले येनार हायत. रस्ता रुंद करायचाय. उभं हाय ते वाचनार, रिकामा चौथरा दिसला तर तोडनार."

मी हवालदारांकडे बघितलं. त्यांनी जमिनीकडे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय जप्त माल ठाण्यातून हलत नाही. शनिवारी हे कलम मीच त्यांना ऐकवलं होतं.

बुधवारी सकाळी मी अर्ज घेऊन, म्हातारी आणि कोळ्यासह कोर्टात उभी. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा बंद करण्याचा अहवालही सोबत. स्वतःच्या सहीने "माझी चूक झाली" असं न्यायाधीशांना कळवायचं, म्हणजे त्या ताठ टोपीसकट खाली बघायचं. आमचा क्रमांक येईना. मी वऱ्हांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या की शिपाई म्हणाला, "मॅडम, तुम्ही आरोपीचे नातेवाईक का?"

दुपारनंतर पुकारा झाला. न्यायाधीशांनी कागद वाचले, चष्मा काढला. "वस्तूचा मालक कोण? ताबा कोणाकडे द्यायचा?"

म्हातारी पुढे झाली. "सायेब, लाकूड ह्याच्या घरचं. क्रूस माज्या घरचा. चार दिस त्याचा, बाकी माजा."

कोळी म्हणाला, "बरोबर हाय."

न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "सुपुर्तनाम्यावर दोघांच्या सह्या घ्या." वाटण्यांचे इतके दावे बघितलेला माणूस तो. भांडण नसलेली वाटणी त्यांना नवी असावी.

आदेशाची नक्कल गुरुवारी सकाळी साडेदहाला हातात पडली. मोजणीवाले अकराला येणार. क्रूस जीपमध्ये मावेना. मागचं दार उघडं, अर्धा बाहेर, टोकाला धरून हवालदार आणि कोळी. म्हातारी पुढे माझ्या शेजारी. रस्त्यात बोलली एकच वाक्य, "गाडी हळू घे गो, त्याला सवय नाय." मी चालकाला हळू घ्यायला सांगितलं. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला बघत राहिले.

पोचलो तेव्हा मोजणीवाले रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला फीत धरून उभे होते. जाळं विणणारी बाई, सुकटवाली, चार कोळी आणि सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा, सगळ्यांनी मिळून क्रूस खड्ड्यात उतरवला. तेल पुरतं लागलेलं नव्हतं आणि खूण मारायला वेळ नव्हता. म्हातारीने मेणबत्ती पेटवली. मोजणीचा माणूस आला, फीत लावली, वर बघितलं आणि लिहिलं: लाकडी क्रूस, वापरात. रस्ता तिथे आजही थोडा वळसा घेतो. रिक्षावाले त्या वळणाला शिव्या देतात.

पुढे मी कित्येक चौकशा केल्या. त्या आठवड्याने एवढं शिकवलं की समोरचा खरं बोलतो आहे, ही शक्यता तपासाच्या यादीत पहिली लिहावी. तिला वेळही कमी लागतो. नव्या फौजदारांना मी हे सांगायचे. ते माझ्याकडे, मी हवालदारांकडे बघायचे तसेच बघायचे.

पुढच्या वर्षी त्या चार दिवसांत मला निरोप आला. वर्दी न घालता गेले. क्रूस छपराखाली, लुगडं पांघरून. कोळ्याने लुगडं बाजूला केलं. डाव्या हाताच्या लाकडाला वीतभर चीर गेली होती. आदल्या वर्षी दुसरा हात मिळाला नाही, पावसाने लाकूड उकललं. मी चिरेवर बोट ठेवलं.

त्याने पटाशी आणि मोगरी माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "गेल्या सालची खूण मारायची ऱ्हायलीय, बाय. त्या साली तो तुमच्या घरी ऱ्हायला, म्हून तुमीच मारा. आनि जरा खोल मारा. पुढच्या पोरांच्या हाताला लागली पायजे, म्हंजी कळल त्यांना, त्या वर्सी त्याला तेल कमी पडलं व्हतं."