पाण्यातलं औषध

माझा मोठा भाऊ अमळनेरजवळच्या आमच्या गावी कोंबड्या पाळतो. कपाशीच्या वावराला लागूनच त्याची शेड आहे. तिथले पक्षी जळगाव-धुळ्याच्या दुकानांत जातात. मी जळगावात राहते. तो आला की एखादी कोंबडी साफ करून आणायचाच.

मागे एकदा शेडमधली तार त्याच्या पायात घुसली. त्याने हळद दाबली, वर फडकं बांधलं. मी फोनवर विचारलं तर "बठ्ठं ठीक शे," म्हणाला, म्हणजे सगळं ठीक आहे. मग वहिनीचाच फोन आला. पाय घोट्यापर्यंत सुजला होता. गावाकडच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी ना ताप उतरत होता, ना पू थांबत होता.

मी त्याला जळगावला आणून दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर त्या भावाच्या खाटेशी आल्या.

"भाऊ, काम काय करता?"

"कोंबड्यांची शेड आहे."

"त्यांना औषध देता?"

"देतो ना, पाण्यातून. आजारी पडू नयेत म्हणून आधीच." त्याने औषधाचं नाव सांगितलं.

डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "तुमच्या गोळ्याही त्याच जातीच्या होत्या. तुमच्या जखमेतले जंतू त्यांना दाद देत नाहीत."

"म्हणजे हे कोंबड्यांकडून आलं?" मी विचारलं.

"तसं ठामपणे नाही सांगता येणार. पण सारखं औषध मिळालं की त्याला पुरून उरणारे जंतूच मागे राहतात. मग कच्च्या चिकनबरोबर दुकानात, घरात पोचतात. नीट शिजवलं की मरतात. पण सुरीला, हाताला लागलेले राहतात."

वेगळ्या औषधाच्या इंजेक्शनांनी भाऊ बरा झाला. पायाची करंगळी मात्र काढावी लागली.

दवाखान्यातून तो माझ्याकडेच आला. दिवसभर स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायचा. एकदा मी भाजी चिरत होते.

"मी आणलेली कोंबडी याच पाटावर कापतेस?"

"हो."

"कोथिंबीरही?"

मी हातातली सुरी खाली ठेवली. संध्याकाळी बाजारातून चिकनसाठी वेगळा पाट आणि सुरी आणली.

गावी परतल्यावर त्याने पाण्यातलं ते औषध बंद केलं. वहिनी घाबरली. "पक्षी मेले तर?" जनावरांच्या डॉक्टरांना विचारून त्याने पिल्लं कमी भरली, जमिनीवर अंथरलेला भाताचा तूस रोज हलवायला घेतला, वारा खेळेल असे पडदे लावले. आजारी पडतील तेव्हाच औषध, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच.

पिल्लांच्या पहिल्या खेपेला नेहमीपेक्षा जास्त पक्षी मेले. त्या दिवसांत तो फोनवर फार बोलत नसे. पुढच्या खेपेला मात्र निभावलं. त्याने आसपासच्या शेडवाल्यांनाही सांगून पाहिलं. एकाने ऐकलं, बाकीचे हसले.

"तुला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"हसू दे," तो म्हणाला. "पाय चांगला असता तर मीही हसलो असतो."