बाबारावांचा चोवीस एमएमचा रॉड

बाबाराव एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. एकतीस वर्षांत त्यांच्या बसखाली कोंबडीसुद्धा आली नाही, हे आख्ख्या बाभुळगावाला माहीत आहे, कारण ते स्वतःच सांगतात. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी, उंच बांध्याची गाडी घेतली. ती हौसेने नाही घेतली. बायकोच्या, म्हणजे इंदूताईंच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आणि दर सोमवारी नि गुरुवारी त्यांना डायलिसिससाठी यवतमाळला न्यावं लागे.

त्यांची नि आमची भिंत एकच; बाबारावांना मी भाऊजी म्हणते. माझी सुरभी शिकायला पुण्याला गेली तशी माझी दुपार मोकळी झाली, म्हणून मी सोबत जाऊ लागले. मागच्या सीटवर इंदूताई आडव्या, डोकं माझ्या मांडीवर. पुढे भाऊजी ताठ बसलेले, दोन्ही हात स्टेअरिंगवर. जणू मागे अजून पन्नास पॅसेंजर होते.

जाताना त्रास नसे. येताना अंगातलं पाणी काढलेलं, बीपी खाली गेलेलं, आणि टेकडीच्या वळणांवर ती उंच गाडी अशी एका अंगावर कलंडायची की इंदूताईंना उलट्या सुरू व्हायच्या. मी मांडीवर पिशवी धरूनच बसे.

दिवाळी होऊन गेल्यावर एका गुरुवारी घरी उतरताना त्या म्हणाल्या, "मी आता येत नाही जी. मशीनवर चार घंटे पडून राह्यते, त्याचं काही नाही. पण हे गाडी वळली का जीव घशात येते. त्याच्यापेक्षा मेलेलं बरं."

डायलिसिस सोडलं तर किती दिवस, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी मोबाइल घेऊन माझ्या ओट्यावर आले.

"वहिनी, तुम्ही बीएस्सी हाय. हे इंग्रजी वाचून सांगा बरं."

गाडीवेड्या पोरांनी लिहिलेले लेख होते ते, अँटी-रोल बारवरचे. आपल्याकडच्या गॅरेजात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात, भाऊजी नुसता रॉड म्हणत. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ती एक वाकवलेली पोलादी कांब. वळणावर गाडी झुकू लागली की ती पिळली जाते आणि गाडीला सावरून धरते. कांब जितकी जाड, तितकं झुकणं कमी. एवढं कळल्यावर भाऊजींनी माझ्या शिवणाच्या डब्यातली तार घेतली, वाकवली, दोन्ही टोकं धरून पिळून पाहिली. "हेच पायजे," म्हणाले.

त्याच लेखात खाली लिहिलं होतं की रोजच्या वापराच्या गाडीला, त्यातून रस्ता खराब असेल तर, फार जाड बार घालू नये. एका चाकाला बसलेला हिसका तो दुसऱ्या बाजूलाही पोचवतो, आणि आतली माणसं डावी-उजवीकडे फेकली जातात. मी ते वाचून दाखवलं. पण कसं, तर पेपरातलं उद्याचं तापमान वाचावं तसं. भाऊजींचा चेहरा फार दिवसांनी उजळला होता, तो मला घालवायचा नव्हता. "हे शयराच्या लोकाइचे नखरे हाय," ते म्हणाले, आणि मी पुढच्या ओळीवर गेले.

यवतमाळला बायपासजवळ देवीलाल राठोडचं सस्पेन्शनचं गॅरेज आहे. हा माणूस बोलताना आपल्याकडे पाहत नाही, गाडीच्या चाकाकडे पाहतो. इंदूताई मशीनवर असताना आम्ही तिथे गेलो. गाडीखालून बाहेर येत तो म्हणाला, "भाऊ, कायले नवीन रॉड? तुमच्या जुन्याचे रबर संपले. हे पाहा, फटीत बोट जाऊन राह्यलं. रबर आन रॉडले चाकाशी जोडणारी लिंक बदलून देतो, पंधरा दिवस चालवून पाहा."

"त्याच्यानं कितीक फरक पडन?"

"अर्धा तं पडन."

"मले अर्धा नाही पायजे. पुरा पायजे."

"पुरा पायजे तं गाडी विका आन पलंग घ्या."

मला हसू आलं. भाऊजींना नाही आलं.

"बरं जी. तुमचा हा वीस एमएमचा हाय. लईच वाटते तं बावीसचा टाका, तोही पुढं फक्त. चोवीस नका म्हणू. दिसाले चारच एमएम, पण दुप्पट कडक होते तो."

"चोवीसचाच मांगव. आन मागंही एक. देवीलाल, मी एकतीस वर्ष ड्रायव्हरी केली."

"मी कुठं नाही म्हटलं? पण ड्रायव्हर पुढं बसते ना, भाऊ."

भाऊजींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. रॉड बाहेरगावाहून यायला तीन आठवडे लागले. तोवर इंदूताईंना ते रोज सांगत, "तेवढी कळ काढ. रॉड आला का पाण्यावरून चालल्यासारखी चालन गाडी." त्या आशेवर त्या येत राहिल्या, पिशवीत ओकत राहिल्या.

रॉड बसले त्या दिवशी भाऊजींनी डॅशबोर्डवर स्टीलचा पेला काठोकाठ भरून ठेवला, मला शेजारी बसवलं आणि बायपासच्या नव्या, गुळगुळीत रस्त्यावर गाडी वळवली. थेंब सांडला नाही. "पाहा वहिनी! पाहा!" साठीचा माणूस, पण आवाज पोराचा.

मग गुरुवार आला. टेकडीची वळणं खरोखर कळलीसुद्धा नाहीत. पण पुढे सात-आठ किलोमीटर आमचा रस्ता एका बाजूने उखडलेला आहे. डावं चाक खड्ड्यात गेलं की आख्खी गाडी उजवीकडे झटका खायची. एका धक्क्याला इंदूताईंचं डोकं माझ्या पोटात, दुसऱ्याला पाय पलीकडच्या दारावर. ज्या हाताला सुया टोचतात, तो नुकताच पट्टी बांधलेला डावा हात त्यांनी उजव्या हाताने छातीशी आवळून धरला होता. तोंडात पदराचा बोळा होता. पुढे भाऊजी स्टेअरिंग घट्ट धरून मजेत बसले होते.

दाराशी गाडी थांबली. "कशी वाटली?" त्यांनी मागे वळून विचारलं.

"मस्त झाली जी," इंदूताई म्हणाल्या. "वळण समजलंच नाही."

घरात त्यांना निजवताना मी म्हटलं, "ताई, खोटं कशाला बोललात?"

"तीन हप्ते त्या रॉडच्या मागं फिरले ते. तोंड पाह्यलं का त्यायचं? आता मी काय सांगू, नाही जमलं म्हणून?" मग माझं मनगट धरलं. "आन तूबी सांगू नको. माही शपथ हाय तुले."

मी गप्प बसले. त्या चार वेळा तशाच गेल्या. हातावर निळे-काळे वळ उठले. भाऊजींनी विचारलं तर म्हणाल्या, सुया नीट लागत नाहीत. पाचव्या वेळी, एका गुरुवारी, त्यांचं पोट बिघडलं. सोमवारी कणकण होती. भाऊजी दारात गाडी सुरू करून उभे, आणि त्या आतून म्हणायच्या, "आज राहू द्या, पुढच्या खेपेले जाऊ."

मंगळवारी सकाळी मी त्यांचे पाय पाहिले. बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. उशीला टेकून बसल्याशिवाय श्वास पुरत नव्हता. दवाखान्यात चला म्हटलं, तर त्या गाडीत चढायला त्या तयार नव्हत्या. मी सरळ अंगणात गेले आणि भाऊजींना सगळं सांगितलं. पोट बिघडलेलं नाही, कणकण नाही. गाडीची भीती आहे.

ते गाडीची काच पुसत होते. फडकं हातातच राहिलं.

"कवापासून मालूम हाय तुमाले?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी गाडी काढली आणि एकटेच गेले.

पुढचं मला देवीलालने नंतर सांगितलं. भाऊजींनी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि स्वतः मागच्या सीटवर आडवे झाले, इंदूताई झोपत तसे. म्हणाले, "आमच्या रस्त्यानं घे. मी जसा चालवतो तशीच चालव." उखडलेल्या तुकड्यावर दीड-दोन किलोमीटर गेल्यावर मागून आवाज आला, "थांब."

"मी वळून पाह्यलं, तं दोन्ही हातानं पुढची सीट धरून पडले होते," देवीलाल म्हणाला. "म्हणत होते, 'देवीलाल, मी एकतीस वर्षांत कवाच मागं बसलो नाही रे.' मी म्हटलं, तुमच्या हातात स्टेअरिंग असते भाऊ, तुमाले मालूम कसं पडन? मागच्याच्या हातात काय असते?"

दुपारपर्यंत त्याने दोन्ही रॉड काढले, जुना वीस एमएमचा रॉड पुन्हा चढवला, नवे रबर नि लिंक घातले. म्हणजे पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच. भाऊजी तिथूनच पुन्हा मागे झोपून बाभुळगावपर्यंत आले, देवीलालच चालवत होता.

देवीलालकडून किल्ली घेऊन ते घरात शिरले नि म्हणाले, "चाल. काढला रॉड."

इंदूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या रागावल्या नाहीत. आता त्यांना आडवं होताच येत नव्हतं, श्वास अडायचा. मी त्यांना छातीशी टेकवून धरलं. गाडी वळणावर थोडी झुकली, पण पहिल्यासारखी नाही. उखडलेल्या रस्त्यावर गचके बसले, पण फेकलं गेलं नाही कोणी. त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर मोकळा पडला होता.

"कसं वाटते?" भाऊजींनी पुढून विचारलं.

"बरं वाटते जी."

आरशातून त्यांचे डोळे माझ्याकडे वळले. "वहिनी, खरं सांगा."

"खरंच बरी चाललीय, भाऊजी."

त्यांनी मान हलवली. पण घटकाभराने पुन्हा आरशात पाहिलं, त्यानंतरही पुन्हा पाहिलं. आम्हा दोघींच्याही शब्दावर त्यांना भरवसा ठेवता येत नव्हता.

दवाखान्यात लगेच मशीनवर घेतलं. फुप्फुसात पाणी भरलं होतं. शुक्रवारी पहाटे इंदूताई गेल्या. भाऊजींनी डॉक्टरांना एकच विचारलं, "दोन खेपा चुकल्या म्हणून?" डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं, सांगता येत नाही. बाई घरी आणली तीही त्याच गाडीतून. दुसऱ्या कोणाला भाऊजींनी चालवू दिली नाही, आणि त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ती इतकी हळू चालवली की मागून येणारे कापसाचे ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेले.

तेरवी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी ते माझ्या ओट्यावर आले. बसले नाहीत.

"खालच्या आळीच्या कांताबाईलेही डायलिसिस सुरू झालं. तिच्या घरी गाडी नाही. सोमवारपासून मी नेतो म्हटलं."

"बरं केलंत."

"तुम्ही मागं बसान का?"

मी हो म्हटलं. ते जाण्यासाठी वळले, फाटकापर्यंत गेले, आणि तिथूनच, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिनंही शपथ घातली तरी सांगजा."