डॉक्टरांची नवी रायफल

हॉस्पिटलच्या कार पार्कात गाडीतून उतरले की डॉक्टर आधी एक बोट जिभेवर ओलं करून वर धरायचे. वारा कुठून येतोय ते बघायचं, मग बॅग आणि कोट. ऑपरेशन थिएटरमध्ये वाऱ्याचं काय काम, असं नव्या नर्सेस मला विचारायच्या. "शिकारी आहेत ते," मी सांगायचे.

आठवडाभर भूल द्यायची आणि रविवारी हरणं मारायची! तुमच्याही भुवया उंचावल्या असतील. आमच्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात तर गणपतीच्या प्रसादाला त्यांचा हात लागू नये म्हणून दोन काकू पहारा द्यायच्या. डॉक्टरांना त्याचं काही वाटायचं नाही. इथे इंग्लंडात हरणं फार झालीत, पिकं आणि कोवळी झाडं ओरबाडून खातात, म्हणून ओळखीचा एक शेतकरी त्यांना बोलवायचा. आणि मूळचे कोल्हापूरचे असल्यामुळे मांसाचं पुढे काय करायचं हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. त्याच काकूंचे नवरे रश्श्याला सगळ्यात आधी हजर असत.

"त्याला कळता कामा नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेशंटला झोपवताना माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे. हरणाबद्दलही तेच. त्यांची जुनी रायफल थ्री-ओ-एट काडतुसाची होती. तिची गोळी फार वेगवान नाही, लांब गेली की खाली येते, म्हणून हरणाच्या बरंच जवळ जावं लागतं. डॉक्टर ओल्या गवतातून पोटावर सरपटत जायचे. "जवळ जाता येत नसेल, तर गप घरी जावं," म्हणायचे.

मग त्यांचे गुडघे गेले. तोवर ते रिटायर झाले होते. एकट्याने रानात जायचं नाही अशी त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, अट घातली आणि गाडी चालवायला मला धरलं. इतकी वर्षं थिएटरमध्ये नर्स म्हणून त्यांच्या हाताखाली काढली, आता रविवारीही तोच साहेब.

सरपटणं संपलं तेव्हा त्यांनी नवी रायफल घेतली. काडतूस लांब, दारू जास्त, गोळी सुसाट.

"अगं, अगदी सरळ, फ्लॅट जाते! खाली ड्रॉप जवळजवळ नाहीच. वारापण कमी ढकलतो. माझी रेंज किती वाढली बघ."

"मग जुनी कशाला ठेवलीत, डॉक्टर?"

यावर ते चष्मा पुसत बसले.

माणूस प्रामाणिक, तोटेही स्वतःच सांगायचे. खांद्याला दणका बसतो, आवाजाने कान फाटतात, नळी लवकर झिजते. आणि जवळून मारलं तर गोळी आत फुटते. पहिल्याच हरणाच्या खांद्याचा तिने चिखल केला. त्या दिवशी रस्सा फक्त मागच्या पायांचा झाला, आणि वहिनींनी गोळीला कोल्हापुरी शिव्या घातल्या.

"जवळून नाहीच मारायचं हिने," डॉक्टर म्हणाले. "लांबूनच."

हे त्यांच्या तोंडून ऐकायला मला बरं वाटलं नाही. पण रविवारी सकाळी त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा, की मी गाडी काढायचे.

ऑक्टोबरात एकदा शेताच्या पार पलीकडच्या कडेला, झाडीजवळ, एक नर उभा होता. डॉक्टरांनी बोट वर धरलं. "वारा नाही," म्हणाले, आणि चाप ओढला. गोळी कितीही वेगाची असो, तेवढं अंतर जायला तिला क्षणभर लागतोच. त्या क्षणात हरणाने एक पाऊल टाकलं. दुर्बिणीतून मला पलीकडची पानं हलताना दिसली. वारा तिकडे होता. हरणाची पाठ कमानीसारखी वाकली आणि ते झाडीत शिरलं. गोळी पोटात लागली होती.

काठी टेकत, थांबत, डॉक्टर माग काढत गेले. मी मागे. हरीण वाळक्या नेच्याच्या झुडपांत बसलेलं होतं, जिवंत, आमच्याकडे तोंड करून. डॉक्टरांनी जवळ जाऊन ते संपवलं आणि तिथेच चिखलात बसले.

"गोळीची चूक नाही. शॉट लांबचा होता, आणि तो मी घेतला," म्हणाले. मग काठीवरचा चिखल पुसत, "त्याला कळलं गं."

त्याच आठवड्यात दोन्ही रायफली बंदुकांच्या दुकानात विकायला गेल्या. "जुनी तरी ठेवा," मी म्हटलं.

"तिला जवळ जावं लागतं. मला जाता येत नाही. आणि लांबून मी मारणार नाही. राहिलं काय?"

नंतर ते खिडकीशी बसून असत. मी चहाला गेले की हवापाण्याचं बोलायचे. बोट वर धरलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

या हिवाळ्यात झोपेतच गेले. "त्यांना कळलंसुद्धा नाही," असं जो तो वहिनींना सांगत होता. मी चहाचे कप भरत होते. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

सोमवारी कामावर गेले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरबाईंनी पेशंटला झोपवलं. मी जुन्या सवयीने त्यांच्याकडे बघितलं. त्या मॉनिटरकडे बघत होत्या.

संध्याकाळी कार पार्कात मी बोट ओलं करून वर धरलं. पलीकडची झाडं हलत होती, म्हणजे तिकडे वारा असणार. बोटाला काही लागलं नाही.