कागदावर सहापर्यंत

अक्षर मोत्यासारखं, हाच त्या बाईचा घात झाला. वृद्धाश्रमात ती आली होती म्हाताऱ्यांची अंगं पुसायला. पण मुख्य बाईंनी तिचं अक्षर पाहिलं आणि चौदा खाटांचे देखभालीचे तक्तेही तिच्याच गळ्यात मारले. तेव्हापासून ती अक्षरमावशी. रोज सकाळी आठला, चहाच्याही आधी, ती संध्याकाळी सहापर्यंतचे तक्ते भरून टाकायची. दहाला कूस बदलली. बाराला जेवले. चारला दूध घेतलं, प्रसन्न. पाठ कोरडी, स्वच्छ. चौदा माणसांना दोन हात कुठे कुठे पुरणार? कामं नाही झाली तरी तक्ता पुरा हवा, असला तिथला कारभार. शी!

पाचव्या खाटेवर घड्याळजी होते. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, म्हणून वेळेचे पक्के. त्या दिवशी साडेदहाला त्यांनी खाटेच्या दांडीला अडकवलेला तक्ता मागून घेतला आणि डोळ्यांजवळ धरून वाचला.

"मावशी, यात तर दहाला माझी कूस बदललीय."

"हो आजोबा, आलेच बघा."

"मग माझी पाठ अजून का जळतेय?"

नवव्या खाटेवरच्या आजींनी अंथरूण घाण केलं होतं. "एवढं आटपते अन् येते," म्हणत मावशी तिकडे धावली. अकराला परत आली, तर घड्याळजी गेलेले.

तिने त्यांना उचलून पाहिलं. पाठीवर तळहाताएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या, पुवाने चादर चिकटलेली. मोरीत जाऊन ती भडाभडा ओकली. जखमा तर तिने आयुष्यभर धुतल्या होत्या. आज तिला स्वतःच्या बोटांची किळस आली.

मुख्य बाई नाकाला रुमाल लावून आल्या. घड्याळजींकडे नंतर पाहिलं, तक्त्याकडे आधी.

"सहापर्यंत भरलाय ना? पानांना नंबर आहेत, फाडता यायचं नाही. सव्वासहाला गेले म्हणायचं. पडदा ओढून घे."

"अहो बाई, माणूस मेलाय!"

"कागदावर जिवंत आहे. तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस."

निर्लज्जपणाची हद्द झाली! लोकांची घड्याळं मिनिटावर लावून देणारा तो माणूस सात तास पडद्याआड स्वतःच्या मरणाची वेळ होण्याची वाट बघत पडला होता. मावशी येता-जाता त्याच तक्त्याने त्यांच्या तोंडावरच्या माशा हाकत होती.

सव्वासहाला फोन गेला. सातला घड्याळजींची लेक कामावरून धावत आली. रडली, मग तक्ता हातात घेऊन एकेक ओळ वाचली.

"मावशी, चारला दूध घेतलं त्यांनी? प्रसन्न होते?" तिने मावशीचे दोन्ही हात धरले. "शेवटचा घोट तुमच्या हातून गेला. फार बरं वाटलं हो."

मागे मुख्य बाई डोळे वटारून उभ्या होत्या. नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळणार, हे मावशीला ठाऊक नव्हतं. तिने हात सोडवून घेतले.

"दूध मी सकाळी आठलाच पाजलं, ताई. कागदावर. बाबा अकराच्या आतच गेले. पाठ जळतेय म्हणाले होते, मी बघायला थांबले नाही. इकडे या, दाखवते."

आणि लेकीच्या देखत तिने घड्याळजींना हलक्या हाताने कुशीवर वळवलं.