मामाच्या मांडीविना काढलेलं जावळ

माझ्या मुलाची आणि सुनेची फारकत झाली तेव्हा नात दोन वर्षांची होती. चूक माझ्या मुलाची होती. हे मी तेव्हाही बोलले, आताही लिहिते. पोर आईकडे राहिली, ते बरोबरच झालं. बापाला कोर्टानं महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार दिला, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. सून दिंडोरीला भावाकडं राहायची. तिथून एसटीनं यायची, सीबीएस स्टँडवर पोरीला सोडायची आणि पाचला परत न्यायची.

मुलगा तीनदा आला. मग त्याला इगतपुरीला काम लागलं आणि त्याला रविवार जड व्हायला लागला. एका रविवारी त्याच्याऐवजी मीच स्टँडवर जाऊन उभी राहिले.

"ते कुठंत?" सुनेनं विचारलं.

"येत नाही तो."

"मग पोर कुणाच्या हाती देऊ?"

"माझ्या दे. नसेल द्यायची तर ही झेंडूची फुलं तरी ने."

तिनं पोरीचा हात माझ्या हातात दिला. कोर्टानं मला काही दिलं नव्हतं. सुनेनं दिलं.

सहा-सात महिने चांगले गेले. पोर आमच्या झेंडूच्या वाफ्यांतून हिंडायची, पिवळे हात घेऊन परत जायची. मग मी माती खाल्ली.

आमच्यात जावळ पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी काढतात. मूल मामाच्या मांडीवर बसतं, मामा त्याला नवे कपडे करतो. हिचं पहिलं वर्ष घरच्या भांडणात गेलं. तिसरंही सरत आलं होतं. सुनेच्या भावाला बोलवायचं तर माझ्या मुलानं आणि त्यानं कोर्टाच्या आवारात एकमेकांची गचांडी धरलेली. तो काही आमची पायरी चढणार नाही, असं मीच ठरवून टाकलं. विचारलं कुणालाच नाही. एका रविवारी न्हाव्याला घरी बोलावलं, शेजारच्या मळेवाल्याला मानलेला मामा केला, त्याच्या मांडीवर पोरीला बसवलं आणि जावळ काढून मोकळी झाले. वर्ष साधलं म्हणून खूश होते मी.

पाच वाजता सुनेनं स्टँडवर पोरीच्या डोक्यावरचं फडकं सोडलं.

"माझा भाऊ काय मेला होता का, आई?"

वर्ष सरत होतं, असं मी सांगणार होते. तोवर ती पोरीला घेऊन बसमध्ये चढली.

पुढच्या रविवारी दिंडोरीची बस आली, माणसं उतरली, त्यात त्या दोघी नव्हत्या. त्याच्या पुढच्या खेपेलाही नव्हत्या. दोन्ही वेळा मी पाचपर्यंत तिथंच बसले. पोर आता आपल्याला दिसायची नाही, हे मला कळून चुकलं.

मुलाला कुठून तरी कळलं. तो धावत आला.

"आता सापडली ती! वकील म्हणतो, अर्ज टाकू. हुकूम मोडलाय तिनं."

"तू शेवटचा स्टँडवर कधी आला होतास?"

"त्याचा काय संबंध?"

"जज विचारेल तेव्हा त्याला सांग."

तो पाय आपटत गेला. अर्ज काही टाकला नाही. तेवढी खटपट त्याच्यानं झाली नसती.

मग मीच दिंडोरीला गेले. जावळ अजून नदीत सोडलं नव्हतं, फडक्यात बांधून ठेवलं होतं. सुनेचा भाऊ अंगणात फवारणीचा पंप धूत होता. उभ्या उभ्याच म्हटलं, "तुमचा मान मी दुसऱ्याला दिला. चुकलं माझं. हे तुमच्या हातानं पाण्यात सोडा."

त्यानं गाठ सोडून आत बघितलं. "मावशी, मला वाटलं डिंकानं परत चिकटवायला आणलं."

घरातून सुनेच्या हसण्याचा आवाज आला. हसू आलं म्हणून ती आणखीच चिडून बाहेर आली. तिच्या भावानं आत जाऊन कपाटातून एक लाल फ्रॉक काढून आणून दाखवला. जावळासाठी म्हणून त्यानं कधीचा घेऊन ठेवलेला. आता तो पोरीला आखूड झाला होता. मी मान खाली घातली.

"इथून पुढं पोरीचं काही करायचं तर आधी मला विचारायचं," सून म्हणाली. "कान टोचायचे असले तरी."

"विचारीन."

"आणि मी नाही म्हटलं तर ऐकायचं."

"ऐकीन."

इतकी वर्षं घरात माझाच शब्द चालला होता. असं कबूल करायला मला कुणी लावलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी बस अर्धा तास उशिरा आली. मामाच पोरीला घेऊन उतरला. "पाच म्हणजे पाच, मावशी. आणि आहेत तेवढे केस परत पाहिजेत."

पोर दहावीला जाईपर्यंत येत राहिली. मुलानं दुसरं लग्न केलं, त्याचे रविवार मीच वापरले. कान टोचायचं विचारलं, तर सून म्हणाली, उन्हाळा जाऊ द्या. मी थांबले. दार लावून घ्यायला मीच तिला कारण दिलं होतं, आणि लावलं असतं तरी कुणी तिला नावं ठेवली नसती. तिचे माझ्यावर उपकार आहेत. एकदा स्टँडवर मी हे तिला तोंडावर सांगितलं.

"बरं बरं," ती म्हणाली, "बस लागलीय आई, ती पिशवी द्या इकडं."